करंजीचा लंगर: वाटेवरच्या माणसाला गरम जेवण

वऱ्हाडवाट (धागाकर्ता)

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता, पूर्वीचा सात नंबर, आताचा चव्वेचाळीस. पांढरकवड्याच्या अलीकडे करंजी लागते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं साधंसं गाव. तिथे रस्त्याला लागूनच गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. १९८८ पासून चालू आहे, नांदेडच्या लंगरसाहिब गुरुद्वाऱ्याशी जोडलेला. ट्रकवाल्यांना तो पाठ आहे. आपल्याकडच्या कारवाल्यांना मात्र फारसा माहीत नाही, म्हणून हा धागा.

२०२० च्या टाळेबंदीत ह्या जागेचं नाव पहिल्यांदा देशभर गेलं. २५ मार्चपासून सगळं ठप्प. ढाबे बंद, एसटी बंद, रेल्वे बंद. हैदराबादकडे बांधकामावर, कारखान्यांत असलेली उत्तरेची माणसं ह्याच रस्त्याने घराकडे निघाली. कुणी ट्रकच्या टपावर, कुणी सायकलवर, बरीचशी पायी. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, एप्रिल-मेचं विदर्भातलं. अशा वेळी करंजीच्या टिनाच्या शेडमधली चूल विझली नाही. तिथले बाबा करनैल सिंग खैरा तेव्हा ८१ वर्षांचे होते. लोक त्यांना खैरा बाबाजी म्हणत. दहा आठवड्यांत तिथे वीस लाखांवर माणसं जेवली, असा आकडा त्या वेळच्या बातम्यांत आला होता. म्हणजे दिवसाला सरासरी अठ्ठावीस हजारांच्या वर. सकाळी चहा आणि ब्रेड किंवा बिस्कीट, मग डाळ-भात-भाजी-रोटी, पुढच्या वाटेसाठी बांधून दिलेली पाकिटं. शिवाय अंघोळीला पाणी आणि साबण. हे शेवटचं मला फार मोठं वाटतं. आठ-आठ दिवस चालून आलेल्या माणसाला आधी अंग धुवायला पाणी द्यावं, हे ज्याला सुचतं त्याने भुकेल्या माणसाकडे नीट पाहिलेलं असतं.

एवढी माणसं अचानक दारात आली आणि ती जेवून गेली, हे कसं जमलं? माझं उत्तर असं की तिथे अचानक काही सुरू करावंच लागलं नाही. बत्तीस वर्षं रोज चूल पेटत होती. धान्य कुठून येतं, डाळ किती भिजवायची, कोण वाढणार, कोण भांडी घासणार, सगळं अंगवळणी पडलेलं. पातेली वाढली, पद्धत तीच राहिली. संकट आलं की आपण सगळेच धावतो, मनापासून धावतो, आणि पंधरा दिवसांत दमतो. रोज करणारा दमत नाही. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच.

आता आमच्या गावाचं. तालुक्यापेक्षा मोठं, शहरापेक्षा लहान. इथल्या सरकारी रुग्णालयात लांबच्या खेड्यांतून, पोडांवरून (कोलामांच्या वस्त्यांवरून) पेशंट येतात. पेशंटला आतून जेवण मिळतं, सोबतच्या माणसाला नाही. इथल्या लहानशा गुरुद्वाऱ्यातली काही मुलं संध्याकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी डाळ-रोटी वाढतात. कुणाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, कुणी ट्रान्सपोर्टमध्ये आहे, एक जण कॉलेजात शिकतो. दुकान बंद करून येतात आणि टेबल मांडतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, रेशनकार्ड मागत नाहीत. रांगेतल्या माणसाने थाळी घ्यायची, एवढंच.

परवा एक म्हातारे आजोबा रांगेच्या कडेला नुसते उभे होते. वाढणाऱ्या मुलाने बोलावलं तर म्हणाले, "फुकटचं नको बाबू, सवय नाही." मुलाने वाद घातला नाही. म्हणाला, "मग आजोबा, जेवण झाल्यावर माझ्यासोबत थाळ्या विसळा." आजोबा जेवले आणि खरंच धोतर वर खोचून हौदाशी बसले. शेजारी बँकेतला एक साहेब विसळत होता. मदत कोण करतंय आणि मदत कोण घेतंय, हे तिथे बघून कळलं नसतं.

आम्ही काही घरं आता त्यांच्यासोबत उभी राहू म्हणतो. म्हणून विचारतो: कुणी लंगरात हातभार लावला आहे का? काय न्यावं, काय टाळावं? नांदेडकरांनी तर लिहायलाच हवं.

गोदातीर

नांदेडचीच आहे, लिहिते.

आमच्याकडे तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा गुरुद्वारा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला, आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३० च्या दशकातली. यात्रेकरूंसाठी लंगर आहेतच, पण नांदेडच्या माणसाला विचाराल तर सांगेल की तिथे जेवणाऱ्यांत गावातलेही असतात. परीक्षेला आलेली मुलं, दवाखान्याच्या कामाला आलेली खेड्यातली माणसं, रात्रीच्या गाडीची वाट बघणारे. शिकायला होते तेव्हा मेस बंद असली की आम्ही मैत्रिणी सरळ लंगरला जायचो. ओढणी डोक्यावर घ्यायची, चपला जोडाघरात द्यायच्या, हातपाय धुऊन पंगतीत बसायचं.

स्वयंपाकघरात कामालाही बसले आहे, तर ते सांगते. आधी हात धुणं आणि डोकं झाकणं, पुरुषांनासुद्धा. कणीक मळणारे वेगळे, गोळे करणारे वेगळे, लाटणाऱ्या बायका समोरासमोर ओळीत, आणि पलीकडे लांबलचक लोखंडी तवा. त्यावर एका वेळी कितीतरी रोट्या असतात. तव्यापाशी उभे असलेले लोक लांब उलथण्याने फटाफट उलटत जातात. लाटताना आपली रोटी वाकडीतिकडी झाली तरी कुणी नाक मुरडत नाही. शेजारच्या आजी फक्त आपल्या हातावर हात ठेवून लाटणं कसं फिरवायचं ते दाखवतात.

चव बघायची नाही, हे पहिलंच शिकवतात. अरदास (प्रार्थना) होऊन भोग लागल्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावत नाही. मीठ अंदाजानेच पडतं आणि बरोबर पडतं, कारण तेच हात रोज टाकतात. वाढणारा बादली आणि कडछी घेऊन येतो. रोटी ताटात टाकत नाहीत. आपण दोन्ही हात पुढे करायचे आणि ती हातात घ्यायची. "परशादा वाहेगुरू" म्हणत येतात, परशादा म्हणजे रोटी. हवं असेल तर हात पुढे करायचा, नको असेल तर हात जोडायचे. ताटात टाकून उठलेलं कुणाला आवडत नाही, हेही सांगते.

वऱ्हाडवाटदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घरून शिजवून काही नेऊ नका. शिधा द्या, तेल द्या, गॅसचा सिलेंडर भरून द्या. आणि सगळ्यात जास्त गरज असते ती भांडी घासणाऱ्यांची. वाढायला सगळे पुढे येतात.

चहाबाज

आजोबांचा प्रसंग वाचून गलबलून आलं. त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

मनमाडकर

सचखंड एक्सप्रेसचं कुणी लिहिलं नाही अजून? नांदेड ते अमृतसर. परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, पुढे भोपाळ, दिल्ली. ह्या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर येतो. ठरलेल्या वेळी सेवादार बादल्या घेऊन फलाटावर उभे असतात. नेहमीचे प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात. जनरल डब्यातला माणूस आणि एसीतला माणूस, दोघंही आपापलं भांडं घेऊन दाराशी येतात. कढी-भात, छोले, डाळ-रोटी, खिचडी, जे असेल ते. गाडी थांबते किती, मोजकी मिनिटं! तेवढ्यात वाढायचं असतं. कुठल्या डब्यापाशी कोण उभं राहणार हे आधी ठरलेलं असतं, त्यामुळे धावपळ दिसते पण गोंधळ होत नाही. गाडी तासन्‌तास उशिरा आली तरी अन्न गरम ठेवून माणसं थांबलेली असतात. थंडीतल्या धुक्याच्या दिवसांत उत्तरेत ही गाडी किती लेट होते ते रेल्वेवाल्याला विचारा. मी रेल्वेचाच आहे.

मनमाडलाही गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. शिर्डीला जाणारे कितीतरी लोक इथे उतरतात आणि आधी जेवून मग पुढची गाडी पकडतात.

तर्कसंगत

सेवेबद्दल आदर आहेच. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. पोटाला अन्न ही सरकारची जबाबदारी नाही का? २०१३ पासून अन्नसुरक्षा कायदा आहे. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत जेवण, टाळेबंदीत ती पाच रुपयांना केली होती. लोकांनी दानावर अवलंबून राहण्यापेक्षा हक्काने मागावं, असं मला वाटतं. लंगरामुळे तो हक्क मागणं मागे पडत असेल तर?

वऱ्हाडवाट

तर्कसंगत, प्रश्न योग्य आहे, आणि हक्काच्या बाजूने मीही आहे. शिवभोजन केंद्रावर मी जेवलो आहे, चांगली योजना आहे. पण तिथे दुपारची वेळ असते आणि थाळ्यांचा कोटा ठरलेला असतो. रात्री नऊला ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. रेशनचं म्हणाल तर २०२० साली करंजीहून चालत गेलेल्या माणसाचं कार्ड झारखंडातल्या घरी होतं. कायदा होता, धान्यही गोदामात होतं. तो माणूस मात्र दोहोंपासून हजार किलोमीटर लांब होता.

हक्क मागायलाही अंगात त्राण लागतं. आजची रात्र निभावली तर माणूस उद्या तहसीलसमोर उभा राहील. गेल्या महिन्यात आमच्या रांगेतल्या एका बाईचं रेशनकार्ड अडल्याचं जेवता जेवता कळलं आणि त्याच कॉलेजच्या मुलाने तिला अर्ज भरून दिला. एकाच टेबलावर दोन्ही कामं झाली. मला त्यात विरोध दिसत नाही.

सरकारी बाजूची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. २०१८ मध्ये केंद्राने सेवाभोज योजना आणली. महिन्याला किमान पाच हजार लोकांना मोफत जेवू घालणाऱ्या धर्मादाय संस्थांना पीठ, तूप, तेल, साखर, डाळ, तांदूळ अशा शिध्यावरच्या जीएसटीतला केंद्राचा वाटा परत मिळतो. गुरुद्वाऱ्यांइतकीच ती मंदिरं, मशिदी, चर्च, आश्रम ह्यांच्यासाठीही आहे. आपल्या भागातल्या अन्नछत्रवाल्यांनी चौकशी करावी.

पंढरीची वाट

आमच्याकडेही हे आहेच की! अक्कलकोटचं अन्नछत्र आहे, शेगाव आहे, गोंदवले आहे. आषाढीला वाटेवरची गावं दिंड्यांना जेवू घालतात, तेव्हा कुणी कुणाची जात विचारतं का? पिठलं-भाकरी घेऊन लोक वाट बघत उभे असतात. वारकऱ्याने आपल्या दारात दोन घास खाल्ले नाहीत तर घरच्या बाईला रुखरुख लागते.

आणि हे परकं नाहीच. आपले नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. रोज पहाटे गुरुद्वाऱ्यात त्यांना माथा टेकला जातो. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा मी गेले होते. पंजाबी बायका "बाबा नामदेवजींच्या गावची माणसं आली" म्हणून हाताला धरून जेवायला बसवत होत्या. मला पंजाबी येत नाही आणि त्यांना मराठी येत नव्हतं. लस्सीचा पेला मात्र रिकामा राहू दिला नाही.

गोदातीर

पंढरीची वाट, अगदी. फक्त एक भर घालते. आपलं अन्नदान बहुतेक देवस्थानाच्या आवारात किंवा वारीसारख्या तिथीला असतं. त्याचं मोल आहेच. लंगर आवार सोडून बाहेर जातो, हे शिकण्यासारखं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन मिळेना तेव्हा गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच, गाडीत बसलेल्या पेशंटला सिलेंडर लावून दिले. ऑक्सिजनचाच लंगर. त्या दिवसांत ज्याची भूक होती ते त्यांनी वाढलं.

आणि बायकांचा मान. दुसरे गुरू अंगददेवजी, त्यांच्या पत्नी माता खीवी लंगराचं सगळं बघायच्या. त्यांचं नाव आणि त्यांच्या हातची तुपातली खीर, दोन्हींचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबात आहे. तिसऱ्या गुरूंनी, अमरदासजींनी, आधी पंगत मग संगत असा दंडक घातला. भेटायला आलेला कितीही मोठा असो, आधी सगळ्यांच्या ओळीत जमिनीवर बसून जेवायचं. बादशहा अकबरसुद्धा गोइंदवालला असाच पंगतीत बसला, अशी परंपरा सांगते.

मेलबर्नवासी

इकडचं सांगतो. मेलबर्नमध्ये सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया नावाची मंडळी आहेत, २०१४ पासून. व्हॅनमधून बेघर आणि गरजू लोकांना गरम शाकाहारी जेवण देतात. २०१९-२० च्या उन्हाळ्यात वणवे पेटले तेव्हा ते पूर्वेकडे बेअर्न्सडेलला गेले आणि घरं सोडून आलेल्यांना जेवू घालत राहिले. २०२२ च्या पुरात लिस्मोरच्या भागात गेले, इथून खूप लांब, दुसऱ्या राज्यात.

माझा संबंध आला २०२० च्या जुलैमध्ये. इथल्या नऊ सरकारी उंच इमारती एका दुपारी पोलिसांनी बंद केल्या. कोरोनामुळे कुणालाही बाहेर पडायला मनाई. आत बहुतेक सोमाली, इथिओपियन, व्हिएतनामी, अरब कुटुंबं. कुणाच्या घरात दूध नाही, कुणाच्या घरात बाळाचं काही नाही. ज्यांनी लवकर गरम जेवण पोहोचवलं त्यांत ही पगडीवाली मंडळी होती. मी तेव्हा डबे भरायला गेलो होतो. मांस नसल्यामुळे हलालचा प्रश्न येत नाही, व्हिएतनामी बौद्ध आजीही खातात. सगळ्यांना चालेल असं एकच जेवण, ह्या जुन्या नियमामागे किती विचार आहे ते मला त्या गोदामात उभं राहून कळलं. तिखट कमी ठेवायला सांगायचे, "लहान मुलं खाणार आहेत" म्हणून.

महाराष्ट्र मंडळातली आम्ही काही कुटुंबं अजूनही जातो. कांदे चिरायचं काम आमच्याकडे.

रात्रपाळी

परिचारिका आहे, कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही. वऱ्हाडवाट काका, फाटकाशी जेवण देणाऱ्यांसाठी आतली माहिती.

सोबतचा माणूस बऱ्याचदा खाली येऊच शकत नाही. सलाईन चालू असतं, बाळंतीण एकटी असते, पेशंट उठून पडेल अशी भीती असते. तो उपाशी राहतो आणि आम्हालाही सांगत नाही. तेव्हा आपला डबा घेऊन आलेल्याला दोन माणसांचं द्या, "दुसरा कुठे आहे" म्हणून अडवू नका. पावसाळ्यात कागदी प्लेट वर वॉर्डात नेईपर्यंत विरघळते. स्टीलच्या थाळ्या असतील तर उत्तम, नाहीतर लोकांना घरचं भांडं आणायची सवय लावा.

वेळ साडेसात ते नऊ धरा. सातच्या आत डॉक्टरांचा राउंड असतो, तेव्हा कुणी पेशंट सोडून हलत नाही. बाहेरचं जेवण पेशंटला देऊ नका असं मात्र वाढताना नम्रपणे सांगत राहा. शुगरचे, किडनीचे, ऑपरेशन झालेले असतात, प्रत्येकाचं पथ्य वेगळं.

आणि फोटो काढू नका. परवा एका बाईने तोंडावर पदर ओढून घेतला कारण कुणीतरी मोबाईल पुढे केला होता. तिचा नवरा आत व्हेंटिलेटरवर होता. गुरुद्वाऱ्याची मुलं फोटो काढत नाहीत, हे मी पाहिलं आहे. त्यांच्यासोबत उभं राहायचं तर एवढं पाळा.

आचारीबुवा

हयात लग्नाच्या स्वयंपाकात गेली, म्हणून अंदाज देतो. शंभर माणसांना पोटभर जेवायचं तर दहा ते बारा किलो कणीक, चार-साडेचार किलो डाळ, पाच-सहा किलो तांदूळ धरा. भाजी बटाट्याची असेल तर बारा किलो. लग्नात माणूस चवीपुरतं घेतो, रुग्णालयाच्या दारात दिवसभराचा उपाशी असतो, म्हणून हात थोडा सैल ठेवा.

डाळ तूर-मसूर मिसळून करा, पटकन शिजते आणि घट्ट राहते. भात मात्र जपून. शिजल्यापासून चार तासांच्या वर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याच्या आत संपवा. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन वाढायचा नाही, कुणी कितीही सांगो. खात्री नसेल तर भात काढून टाका आणि रोट्या वाढवा. पातेलं झाकून गरमच ठेवा, कोमट अन्न सगळ्यात वाईट. पाणी उकळलेलं किंवा जारचं. आणि वाढणाऱ्याला ताप, जुलाब किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवशी त्याने हिशेब लिहावा, अन्नाला हात लावू नये.

तर्कसंगत

वऱ्हाडवाट, उत्तर पटलं. रेशनकार्डाचे आणि आयुष्मान कार्डाचे अर्ज भरून देणं मला येतं, नोकरीत तेच काम केलं. तुमचं गाव माझ्यापासून तासाभरावर असावं असा अंदाज आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ टेबलाच्या टोकाला बसेन.

वऱ्हाडवाट

नक्की या, खुर्ची ठेवतो.

सगळ्यांचं वाचून काल गुरुद्वाऱ्यात बोलणं झालं. ज्ञानीजींचं म्हणणं गोदातीरताईंनी लिहिलं तेच: शिधा आणा, शिजवायला इथे या. पैसे देणाऱ्याचं नाव फलकावर लिहिणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आमच्यातल्या एकाला वडिलांच्या नावाने बॅनर लावायचा होता. त्याने ते ऐकून वडिलांच्या नावाने मोठं पातेलं आणून दिलं. बुधवार आणि शनिवार आमच्या घरांकडे. वेळ साडेसात ते नऊ, डबा आणेल त्याला दोन माणसांचं, भात बंद आणि रोट्या जास्त, फोटो नाहीत. रोट्यांना हात कमी पडतायत. आत्ता चार बायका आणि दोन पुरुष आहेत, आणि दोन्ही पुरुषांना फक्त भाजता येतं.

कृष्णाकाठ

माहेर तुमच्याच जिल्ह्यातलं आहे, पुढच्या महिन्यात येतेय. शनिवारी लाटायला बसेन, आईलाही आणते, तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.